बेंटली काँटिनेन्टल जीटी: खानदानी ग्रँड टूरर, की फोक्सवॅगनला चढवलेला भरजरी साज?

सह्यसारथी (धागाकर्ता)

मंडळी, शर्यतीच्या गाड्यांपेक्षा मला लांब पल्ल्याच्या गाड्यांची ओढ जास्त. चार माणसं आणि त्यांच्या बॅगा घेऊन सकाळी पॅरिस सोडायचं, संध्याकाळी भूमध्य समुद्राकाठी उतरायचं आणि उतरल्यावर कंबर धरून बसायची वेळ येऊ नये. ग्रँड टूरर म्हणजे माझ्या लेखी एवढंच.

या जातीतली माझी सर्वात लाडकी गाडी म्हणजे १९५२ची बेंटली आर-टाइप काँटिनेन्टल. आयव्हन एव्हर्नडेन या अभियंत्याने तिचा ध्यास घेतला, जॉन ब्लॅचलीने आकार दिला, एच. जे. मलिनर यांनी ॲल्युमिनियमची बॉडी बांधली. बेंटली तेव्हा रोल्स-रॉइसच्या मालकीची. रोल्स-रॉइसचा विमान-इंजिनांच्या चाचण्यांचा विभाग हकनॉलला होता, तिथल्या वाऱ्याच्या बोगद्यात तिचा आकार तपासला. पहिल्या नमुन्याचा नंबर ओएलजी ४९०, म्हणून सगळे तिला 'ऑल्गा' म्हणत. पॅरिसजवळच्या मोंतलेरीच्या ट्रॅकवर ऑल्गाने पाच फेऱ्या ताशी १९१ किमीच्या सरासरीने मारल्या. १९५१ साली, चार माणसांच्या ऐसपैस गाडीने!

यातली मला भावणारी गोष्ट म्हणजे वजनाचा हिशेब. त्या काळी एवढ्या वेगाला एवढं वजन पेलेल असा टायरच मिळत नव्हता. मग सीटचे सांगाडे, खिडक्यांच्या चौकटी, अगदी बंपरसुद्धा ॲल्युमिनियमचे केले आणि गाडी १.७ टनांच्या आसपास आणली. नमुना धरून एकूण २०८ गाड्या झाल्या, १९५५ला संपल्या.

आता २००३ची काँटिनेन्टल जीटी बघा. बेंटलीची आताची मालक फोक्सवॅगन, तिच्या फेटन या मोठ्या सलूनचा डी-१ प्लॅटफॉर्म (म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा), सहा लिटरचं डब्ल्यू-१२ इंजिन, दोन टर्बो, ५६० अश्वशक्ती, ताशी ३१८ किमी. आणि वजन २३८५ किलो! गाडी उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण वजन कापून वेग मिळवणाऱ्या गाडीचं नाव वजनावर ताकदीने मात करणाऱ्या गाडीला द्यायला नको होतं, असं माझं ठाम मत आहे.

तुम्हाला काय वाटतं? खरी ग्रँड टूरर कोणती?

टॉर्कतात्या

साफ असहमत. तुम्ही अश्वशक्ती लिहिलीत आणि खरा आकडाच गाळलात. ६५० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाची पिळण्याची ताकद, तोही १६०० आरपीएमपासून! ग्रँड टूररचा जीव तिथे असतो. ट्रकच्या मागे ताशी ९०ने चाललोय, लेन मोकळी झाली, पाय थोडासा दाबला, की गिअरबॉक्सची धावपळ न होता गाडी १६०वर. ओरडणं नाही, धक्का नाही. बाजूला झोपलेल्या माणसाची झोप मोडत नाही. वजनाचं म्हणाल तर लांबच्या प्रवासात जड गाडी रस्त्याला धरून राहते. आडव्या वाऱ्यात हलकी गाडी हायवेवर चालवून बघा म्हणजे कळेल.

निळी छत्री

ॲव्हरेज किती देते? :)

पेट्रोलपंप

निळी छत्री, हसू नका, या धाग्यावरचा सर्वात मुद्द्याचा प्रश्न तुम्ही विचारलात. पहिल्या जीटीचा कंपनीचा आकडा १०० किमीला १७.१ लिटर, म्हणजे लिटरला सहा किमीसुद्धा नाही. टाकी ९० लिटरची. म्हणजे कागदावर पाचशेच्या थोडं वर, आणि ज्या वेगाचं तात्या कौतुक करताहेत त्या वेगाने नेली तर त्याच्या बरंच अलीकडे पंप शोधायचा. लांब पल्ल्याची गाडी म्हणायचं आणि दर थोड्या वेळाने इंधनाला थांबायचं, हे मला पटत नाही. २०१२ला चार लिटरचं व्ही-८ आलं, ते हलक्या पायाने चालवताना आठपैकी चार सिलिंडर बंद करतं. त्या गाडीला एका टाकीत आठशेच्या आसपास अंतर कंपनीने सांगितलं होतं. मी तर म्हणेन, पहिली खरी काँटिनेन्टल जीटी ती.

चेशायरकर

बेंटलीचा कारखाना इंग्लंडमधल्या क्रूला आहे. मी तिथून गाडीने अर्ध्या तासावर राहतो, त्यामुळे या विषयावर गप्प बसणं शक्य नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. क्रूचा कारखाना मुळात मोटारींचा नव्हताच. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर रोल्स-रॉइसने तो मर्लिन विमान-इंजिनांसाठी उभारला. मोटारी तिथे आल्या १९४६ला. बेंटली कंपनी रोल्स-रॉइसने १९३१मध्येच विकत घेतली होती आणि पुढे कित्येक वर्षं बेंटली म्हणजे वेगळ्या जाळीची रोल्स-रॉइस असंच चाललं. १९९८ला फोक्सवॅगनने कारखाना आणि बेंटली ४३ कोटी पौंडांना घेतली, रोल्स-रॉइस हे नाव मात्र बीएमडब्ल्यूकडे गेलं. त्या सुमारास वर्षाला हजारेक बेंटली बनत होत्या. २००७मध्ये दहा हजारांचा आकडा ओलांडला. हा फरक त्या एका गाडीने आणि तिच्या चार दारांच्या बहिणीने केला. आमच्या भागात किती घरांची चूल त्या कारखान्यावर पेटते हे रोज बघतो, म्हणून 'फोक्सवॅगनचा साज' हे शब्द मला लागतात.

एका ओळखीच्या गृहस्थांमुळे कारखाना आतून बघायला मिळाला. लाकूडकामाचा विभाग अजून डोळ्यांसमोर आहे. झाडाच्या गाठीपासून काढलेले कागदासारखे पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. लागोपाठचे दोन पापुद्रे पुस्तकासारखे उघडून डॅशबोर्डच्या डाव्या-उजव्या बाजूला लावतात, म्हणजे लाकडाची रेघ दोन्हीकडे आरशात बघितल्यासारखी जुळते. एक बाई दिव्याखाली पापुद्रा तिरका धरून नुसती बघत होती. मग तिने तो बाजूला ठेवला. मला त्यात काही दोष दिसला नाही, तिला दिसला होता. स्टिअरिंगला कातडं शिवतात तिथे टाक्यांमधलं अंतर आखायला साधा जेवणाचा काटा वापरतात. काट्याचे दात कातड्यावर दाबायचे, खुणा उमटतात, त्या खुणांवर दोन सुयांनी शिवण.

फेटनमध्ये हे नव्हतं.

कांचनसंध्या

चेशायरकर, प्रतिसाद फार आवडला. लाकडाचं वाचून जुन्या वाड्यातल्या शिसवी कपाटाची दारं आठवली.

मला इंजिनातलं काही कळत नाही. डब्ल्यू-१२ म्हणजे नेमकं काय? व्ही-१२ ऐकलंय.

बारासिलिंडर

कांचनताई, माझ्या आवडीचा विषय काढलात!

व्ही-१२मध्ये सहा-सहा सिलिंडरच्या दोन सरळ रांगा असतात. इंजिन गुळगुळीत चालतं, पण लांबलचक होतं. फोक्सवॅगनकडे आधीपासून व्हीआर-६ नावाचं एक हुशार इंजिन होतं. त्यात सहा सिलिंडर एका रांगेत न ठेवता फक्त १५ अंशांच्या कोनात एक डावीकडे, एक उजवीकडे असे आलटून-पालटून बसवलेत आणि सगळ्यांवर मिळून एकच हेड. त्यामुळे सहा सिलिंडर बऱ्याच कमी लांबीत मावतात. अशा दोन रांगा ७२ अंशांच्या कोनात एका क्रँकशाफ्टवर आणल्या की झालं डब्ल्यू-१२. बारा सिलिंडर असूनही लांबी अर्ध्या मीटरच्या आसपास.

लांबी का महत्त्वाची? कारण डी-१ प्लॅटफॉर्मवर चारही चाकांना ताकद द्यायची म्हणून इंजिन पुढच्या चाकांच्याही पुढे सरकलंय. तिथे लांब व्ही-१२ ठेवलं असतं तर बॉनेट संपलंच नसतं. फोक्सवॅगनचे तेव्हाचे प्रमुख फर्डिनांड पीएक यांच्या हट्टातून ही सगळी इंजिनं आली. त्या माणसाबद्दल मतं काहीही असोत, दुसरा कोणी हे करायला धजला नसता.

श्टुटगार्टवाला

सह्यसारथी, तुमचा आर-टाइपवरचा जीव समजतो, पण २००३च्या गाडीत बसून ऑटोबानवर जाऊन आलो असल्यामुळे लिहितोय. एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडे पहिल्या पिढीतली गाडी आहे. श्टुटगार्टहून म्युनिकला त्यांच्याबरोबर गेलो.

वेग कळत नाही, ही गोष्ट ऐकली होती, पण अनुभव वेगळाच. उल्म सोडल्यावर रस्ता मोकळा मिळाला. मी त्यांच्या मुलीच्या कॉलेजबद्दल काहीतरी विचारत होतो आणि ते नेहमीच्या आवाजात उत्तर देत होते. काटा २४०च्या पुढे. माझ्या गाडीत १६०ला आम्ही नवरा-बायको ओरडून बोलतो. मग पुढे एकाने अचानक लेन बदलली आणि यांनी ब्रेक दाबला. पुढच्या डिस्क ४०५ मिलिमीटरच्या आहेत, त्या वेळच्या कुठल्याही प्रवासी गाडीपेक्षा मोठ्या. गाडीने नाक खाली न घालता वेग असा उतरवला की बोलणं मध्ये तुटलं, एवढंच. म्युनिकला उतरल्यावर मी सरळ मीटिंगला जाऊ शकलो असतो.

हवेच्या झरोक्यांना जुन्या चर्चमधल्या ऑर्गनला असतात तशा ओढायच्या-ढकलायच्या मुठी आहेत. धातूच्या, हाताला गार लागतात, आणि ओढताना अगदी एकसारखा विरोध करतात. संपूर्ण प्रवासभर माझा हात तिथेच जात होता.

टॉर्कतात्या

श्टुटगार्टवाला +१००. हेच म्हणतोय मी.

सह्यसारथी

सगळ्यांचे आभार. चेशायरकर, तुमच्या भावना दुखवायचा हेतू अजिबात नव्हता. क्रूच्या कारागिरीबद्दल मला आदरच आहे.

पण श्टुटगार्टवाल्यांनी जे वर्णन केलं त्यात माझा मुद्दा येतो. शांतता, ब्रेक, दम, सगळं मिळालं, पण कशाच्या जोरावर? मोठं इंजिन, मग ते थांबवायला मोठे ब्रेक, ते तोलायला एअर सस्पेन्शन, आणि या सगळ्याचं वजन ओढायला परत मोठं इंजिन. ऑल्गामध्ये उलट होतं. इंजिन ४५६६ सीसीचं, त्यात थोडी सुधारणा. बाकीचा वेग हवा कापणाऱ्या आकारातून आणि उंच गिअरिंगमधून आला. मागचे पंखांसारखे फेंडर दिसायला देखणे आहेत, पण ते तिथे आहेत ते वेगात गाडी सरळ राहावी म्हणून. मला या शिस्तीचं आकर्षण आहे.

जुनापुराणा

ऑल्गाच्याही आधी एक गाडी आहे, तिच्याशिवाय हा धागा अपुरा राहील.

१९३८ साली पॅरिसमध्ये राहणाऱ्या आंद्रे एम्बिरिकोस या ग्रीक गृहस्थाने सव्वाचार लिटर बेंटलीवर एक बॉडी करून घेतली. बांधली पूर्तू यांनी, काढली जॉर्ज पोलां यांनी. हे पोलां मूळचे दंतवैद्य! दात बघता बघता मोटारींचे आकार काढायला लागले, आणि छप्पर आपोआप घडी होऊन डिकीत जाणारी पहिली गाडीही त्यांच्याच कल्पनेतून आली, १९३४ची प्यूजो. त्या बेंटलीला त्यांनी पाण्याच्या थेंबासारखा निमुळता आकार दिला. १९३९मध्ये जॉर्ज आयस्टनने इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ती एका तासात ११४ मैलांच्या वर पळवली, म्हणजे १८४ किमी. युद्धानंतर, अकरा वर्षांची झाल्यावर, तीच गाडी १९४९च्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरली आणि सहावी आली. नंतर १९५० आणि ५१लाही धावली. रोज रस्त्यावर चालवायची गाडी, बरं का.

पोलां यांना हे बघायला मिळालं नाही. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर ते प्रतिकार चळवळीत सामील झाले. पकडले गेले आणि १९४२मध्ये नाझींनी त्यांना गोळ्या घातल्या. एव्हर्नडेन आणि ब्लॅचली यांनी १९५१ला जो आकार काढला त्यावर त्यांच्या रेघेची छाप स्पष्ट आहे. २००३च्या गाडीचं मागे उतरत जाणारं छप्पर बघताना मला पोलां आठवतात.

कांचनसंध्या

दंतवैद्य ते प्रतिकार चळवळ... वाचून सुन्न झाले. यांच्यावर वेगळा लेख लिहाच, जुनापुराणा.

टॉर्कतात्या

जुन्यात शिरलोच आहोत तर वुल्फ बार्नाटोला विसरून कसं चालेल? किंबर्लीच्या हिऱ्यांचा वारसदार, बेंटली कंपनीचा अध्यक्ष, आणि ल मांला तीनदा उतरून तिन्ही वेळा जिंकलेला, १९२८, २९ आणि ३०. मार्च १९३०मध्ये त्याने पैज लावली की फ्रान्समधल्या कान शहराहून निघणारी ब्लू ट्रेन कॅलेला पोचायच्या आत मी लंडनच्या माझ्या क्लबात असेन. ट्रेन निघाली तसा हाही निघाला. रात्रभर पाऊस, धुकं, पंक्चर. खाडी बोटीने ओलांडली आणि ट्रेन कॅलेला पोचायच्या चार मिनिटं आधी हा लंडनमधल्या आपल्या क्लबात हजर! पैज होती शंभर पौंडांची.

मला सांगा, बेंटलीची ग्रँड टूरिंगची परंपरा वजन कापण्याची की दमाची? बार्नाटोची स्पीड सिक्स काही पिसासारखी नव्हती. साडेसहा लिटरचं इंजिन होतं तिला.

आडवाटेला

मंडळी, माहिती छान चालली आहे, पण एक प्रामाणिक प्रश्न. आपल्याकडे ही गाडी घेणाऱ्याला मिळतं काय? आयात शुल्क धरून किंमत दुपटीच्या पुढे, एक्स्प्रेस वेला मर्यादा १००, घाटात ६०. ३१८चं करायचं काय? जी गाडी देश ओलांडायला बनवली ती वांद्र्याहून नरिमन पॉइंटला नेण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही.

पेट्रोलपंप

समृद्धी आहे ना आता. ७०१ किमी, मर्यादा १२०. मुंबई-नागपूर एका दमात जायचं तर अशीच गाडी हवी.

निळी छत्री

समृद्धीवर वेगापेक्षा टायरची काळजी करा. तापलेलं काँक्रीट, तासन्‌तास एकच वेग, त्यात हवा कमी-जास्त भरलेली. माझ्या मामेभावाचा टायर भर दुपारी फुटला, नशिबाने गाडी सावरली. निघण्याआधी टायर थंड असताना हवा तपासणं आणि टायर किती जुना आहे ते बघणं, हे त्या दिवसापासून आमच्या घरात सक्तीचं झालंय. ऑल्गाचं टायरचं वाचून तेच मनात आलं. सत्तर वर्षांपूर्वी ज्यांनी टायर पेलेल तेवढीच गाडी बनवली त्यांना मानलं.

आडवाटेला

निळी छत्री, अगदी बरोबर. घिसलेल्या टायरवर समृद्धीला जाणारे बघितले की धडकी भरते.

संपादक

समृद्धी आणि टायर यांवर वेगळा धागा आहे, तिकडे सविस्तर लिहावे. इथे ग्रँड टूररबद्दल बोलूया.

मृद्गंध

मी डिझाइन शिकवते, म्हणून आकाराबद्दल थोडं. २००३च्या गाडीच्या डिझाइन विभागाचे प्रमुख होते डर्क व्हॅन ब्राकेल, बाहेरचा आकार राउल पिरेस यांचा. त्यांनी आर-टाइपमधून दोन गोष्टी उचलल्या: मागे एका ओघात उतरणारं छप्पर आणि मागच्या चाकावरचा फुगीर खांदा. बाकी नक्षी, क्रोमच्या पट्ट्या, कल्ले वगैरे काही नाही. रेट्रोच्या लाटेत त्या काळी भलभलत्या गाड्या आल्या, पण यांनी हात आवरला. म्हणून वीस वर्षांनीही ती गाडी जुनी दिसत नाही.

२०१७ला दाखवलेल्या तिसऱ्या पिढीत तोच खांदा इतका धारदार झाला की साध्या प्रेसमध्ये तो निघत नाही. ॲल्युमिनियमचा पत्रा ५०० अंशांच्या आसपास तापवून हवेच्या दाबाने साच्यात बसवतात. थंड पत्रा एवढ्या खोल वळणावर फाटला असता. उन्हात उभी असताना ती रेघ बघा, वर लख्ख उजेड आणि खाली लगेच गडद सावली. मी विद्यार्थ्यांना फोटो न दाखवता तिच्या मातीच्या मॉडेलची नक्कल करायला लावते. पहिल्या दिवशी प्रत्येकाची रेघ मऊ पडते.

आतला फिरता पडदाही मला आवडतो. इग्निशन बंद असताना डॅशबोर्डवर सलग लाकूड. चालू केलं की लाकूड फिरतं आणि स्क्रीन येतो. तिसऱ्या बाजूला काटे असलेल्या तीन तबकड्या: तापमान, होकायंत्र, वेळ. लांबच्या रस्त्याला स्क्रीन नको असणाऱ्या माणसाचा विचार कोणीतरी केला.

चेशायरकर

सह्यसारथी, दोन दिवस विचार करून परत आलोय, कारण तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलं नाही.

तुमचा आक्षेप असा की २००३ची गाडी दुसऱ्या गाडीच्या प्लॅटफॉर्मवर उभी आहे. मान्य. सुरुवातीला बॉडीचा सांगाडासुद्धा जर्मनीत झ्विकाऊला बनून क्रूला यायचा. पण आर-टाइप काँटिनेन्टल कशावर उभी होती? आर-टाइप सलूनच्याच चेसिसवर! रोजच्या चार दारांच्या, उंच, डॉक्टर-वकील चालवायचे त्या सलूनच्या. आणि तीच यंत्रणा रोल्स-रॉइस सिल्व्हर डॉनलाही होती. एव्हर्नडेनना नवी चेसिस बनवायला पैसे मिळालेच नसते. युद्धानंतरचा इंग्लंड, परकीय चलनाची चणचण, गाडी सुरुवातीला फक्त निर्यातीसाठी होती. हाताशी होतं ते घेतलं आणि त्यातून जगातली सर्वात वेगवान चार सीटची गाडी काढली. २००३ला क्रूच्या लोकांनी हेच केलं. हाताशी फेटन होती.

म्हणून मला २००३ची गाडी नावाला शोभणारी वाटते. फेटन स्वतः चालली नाही, अमेरिकेतून तर २००६ला माघार घ्यावी लागली. त्याच हाडांवर क्रूने जे उभं केलं ते चाललं.

बारासिलिंडर

चेशायरकर, _/\_ हा प्रतिसाद वाचनखुणेत गेला.

सह्यसारथी

चेशायरकर, प्लॅटफॉर्मचा मुद्दा मी सोडतो, त्यात तुमचं म्हणणं बिनतोड आहे. वजनाचा मात्र सोडत नाही! एव्हर्नडेननी सलूनमधून वजन काढलं. २००३ला कोणी काढलं का?

आणि त्याचा परिणाम गाडीला भोगावा लागलाच. इंजिन पुढच्या चाकांच्या पुढे, म्हणजे नाकावर ओझं. जे जे पत्रकार डोंगराळ रस्त्यांवर घेऊन गेले त्यांनी लिहिलंय की वळणात शिरताना पुढची चाकं बाहेर सरकू बघतात. भूमध्य समुद्राकडे जाताना आल्प्सचे घाट लागू शकतात, मंडळी. ग्रँड टूररला वळणं टाळता येत नाहीत.

श्टुटगार्टवाला

हे बरोबर आहे, आणि क्रूच्या लोकांनाही ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सुरुवातीला पुढे-मागे निम्मी-निम्मी ताकद जायची. दुसऱ्या पिढीत, २०११ला, ४०:६० केली. पण खरा इलाज तिसऱ्या पिढीत झाला. पोर्शेने बनवलेला एमएसबी प्लॅटफॉर्म घेतला आणि पुढची चाकं १३५ मिलिमीटर पुढे आणली. म्हणजे इंजिन आपोआप मागे गेलं. गाडीचं नाक आखूड, बॉनेट लांब, दिसायलाही सुधारली. शिवाय ४८ व्होल्टची मोटर अँटी-रोल बार पिळते, त्यामुळे वळणात गाडी कलत नाही आणि सरळ रस्त्यावर सस्पेन्शन मऊच राहतं. २०१९ला अमेरिकेत पाइक्स पीकच्या घाटात रिस मिलेनने याच गाडीने १० मिनिटं १८.४८८ सेकंदांचा विक्रम केला, कारखान्यातून निघणाऱ्या गाड्यांमधला. वळणांची शंका तिथे मिटावी.

अवांतर: चारचाकी ओढीचा खरा तमाशा बघायचा तर २००७चा बघा. रॅलीचा जगज्जेता युहा कांकुनेन, फिनलंडमध्ये औलूजवळ गोठलेला समुद्र, काँटिनेन्टल जीटी, ताशी ३२१.६५ किमी. बर्फावर! २०११ला त्याने उघड्या छपराच्या सुपरस्पोर्ट्सने ३३०.६९५ केले.

पेट्रोलपंप

बर्फावर ३३०... माझे हात इथे वाचतानाच गार पडले.

बारासिलिंडर

कोणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. जुलै २०२४ला क्रूमध्ये शेवटचं डब्ल्यू-१२ तयार झालं. वीस वर्षांत एक लाखाहून जास्त इंजिनं तिथे हातांनी जोडली गेली. कुठल्याही बारा सिलिंडरच्या इंजिनाने एवढी संख्या गाठणं सोपं नाही. आता चौथ्या पिढीच्या जीटी स्पीडमध्ये व्ही-८ आणि विजेची मोटर मिळून ७८२ अश्वशक्ती, १००० न्यूटन-मीटर, ताशी ३३५ किमी. आकडे सगळे वरचढ. पण कमी वेगात डब्ल्यू-१२ची जी खोल, दबलेली गुरगुर होती ती गेली. मला त्याचं खरंच वाईट वाटतं आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

कांचनसंध्या

मला मात्र ही नवी गाडी वाचून आनंद झाला. विजेवर ८१ किमी जाते असं वाचलं. म्हणजे पहाटे चारला निघायचं तर सोसायटीतल्या कोणालाही न उठवता बाहेर पडता येईल, आणि मुक्कामाच्या गावातही आवाज न करता शिरता येईल. प्रवासाच्या गाडीत हा गुण मोठा आहे.

श्टुटगार्टवाला

शिवाय कांचनताई, २५.९ किलोवॅट-तासाची बॅटरी मागच्या चाकांच्या मागे ठेवल्यामुळे वजनाची विभागणी ४९:५१ झाली आहे. वीस वर्षं नाकावर असलेलं ओझं शेवटी मागे गेलं.

सह्यसारथी

आणि एकूण वजन २४५९ किलो! :) विभागणी सुधारली म्हणून ओझं कमी झालं नाही. मी माझ्या मताला चिकटून आहे. कोणीतरी एकदा दीड-पावणेदोन टनांची चार सीटची बेंटली करून दाखवावी. आज तर टायरचीही अडचण नाही, कार्बन फायबर आहे, सगळं आहे.

टॉर्कतात्या

करतील, आणि मग तुम्हीच म्हणाल आवाज येतो, दार बंद करताना पोकळ वाजतं. शांतता वजनातून येते, सह्यसारथी. काच जाड, कातडं जाड, दाराच्या आत थर. ते काढा आणि मग म्युनिकला उतरून मीटिंगला जाऊन दाखवा.

सह्यसारथी

तात्या, ऑल्गाच्या मालकांनी एका दिवसात आल्प्स ओलांडलेच ना!

नवा भिडू

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. मँचेस्टरला असतो. इथे पहिल्या पिढीतल्या वापरलेल्या जीटी साध्या नव्या फॅमिली गाडीच्या भावात मिळतात. स्कॉटलंड आणि फ्रान्सच्या सहलींसाठी घ्यावी असं बरीच वर्षं मनात आहे. धागा वाचून तर राहवत नाहीये. कोणती बघू?

चेशायरकर

नवा भिडू, स्वागत. घेण्याआधी हे वाचा.

भाव पडलेत कारण सांभाळायचा खर्च पडलेला नाही, भाग आजही बेंटलीचेच लागतात. डब्ल्यू-१२ इतकं ठासून बसवलंय की टर्बोपर्यंत हात पोचवायला इंजिन खाली उतरवावं लागतं. त्यामुळे कामापेक्षा मजुरी जास्त होते. आमच्या एका मित्राला एका गॅरेजने टर्बोचं काम सांगितलं, पैसे घेतले आणि नंतर कळलं की गळत होता फक्त एक पाइप. तेव्हा आधी दुसऱ्या, या गाड्यांची सवय असलेल्या माणसाकडून लिफ्टवर चढवून तपासणी करून घ्या. एअर सस्पेन्शन बघायची सोपी रीत: गाडी रात्रभर उभी ठेवायला सांगा आणि सकाळी इंजिन चालू करायच्या आधी जा. एखादा कोपरा खाली बसलेला दिसला तर पुढे निघा. सर्व्हिसचे कागद अखंड हवेत, मध्ये तीन-चार वर्षं गायब असतील तर स्वस्त असली तरी नको.

तुमचा उपयोग सहलींचा आहे, तर पेट्रोलपंपांचं ऐका आणि २०१२ नंतरची व्ही-८ बघा. नाक हलकं आहे, गिअरबॉक्स आठ गिअरची आहे, आणि मँचेस्टरहून निघून स्कॉटलंडच्या वरच्या टोकापर्यंत टाकी पुरते. मागच्या सीटवर मोठी माणसं बसणार असतील तर त्यांना बरोबर न्या, बसवून बघा. गुडघ्यांना जागा कमी आहे.

नवा भिडू

मनापासून धन्यवाद चेशायरकर. तपासणीसाठी तुमच्या भागातलं कोणी माहीत असेल तर व्यनि कराल का? शनिवारी एक व्ही-८ बघायला जातोय, गडद हिरवी आहे. सासूबाईंना मागच्या सीटवर बसवायला घेऊन जातो.